अमेरिकेतला कॉलेज सॉकर कोच : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत शिकायला गेलेली मुलं, त्यांचे आईवडील आणि आपल्याकडे गळ्यात शिट्टी अडकवून मैदानात उभे राहणारे मित्र यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं पुरुषांच्या कॉलेज संघांच्या प्रशिक्षकांबद्दल आहेत. मधूनमधून माझी मतंही डोकावतील, ती मतं म्हणूनच वाचावीत.

'फुटबॉल' न म्हणता 'सॉकर' का?

तिथे फुटबॉल म्हटलं की हेल्मेट आणि खांद्यावर चिलखत घालून एकमेकांवर आदळणारा खेळ डोळ्यांपुढे येतो. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो त्यांचा सॉकर. इथे त्यांचाच शब्द ठेवला आहे, कारण पुढे पगाराच्या प्रश्नात दोन्ही खेळ शेजारी शेजारी येणार आहेत आणि तिथे घोटाळा परवडणार नाही.

कॉलेजच्या संघाला पूर्णवेळ पगारी कोच? खरंच?

खरंच. आपल्याकडे कॉलेजचा संघ म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आधी पंधरा दिवस जिमखान्याच्या सरांनी जमवलेली अकरा-पंधरा मुलं. तिथे कॉलेजांमधले खेळ चालवणाऱ्या एनसीएए नावाच्या संस्थेखाली तीन 'डिव्हिजन' आहेत. पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती मिळते, दुसरीत तुलनेने कमी, तिसरीत खेळासाठी म्हणून एक पैसाही देता येत नाही. पहिल्या डिव्हिजनमध्ये पुरुषांचे दोनशेच्या वर संघ आहेत. तिसरीत त्याच्या जवळपास दुप्पट. हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो, नोव्हेंबरात ४८ संघांची राष्ट्रीय स्पर्धा लागते आणि डिसेंबरात उरलेल्या चार संघांचा 'कॉलेज कप' होतो. नॉर्थ कॅरोलिनातलं कॅरी हे गाव त्याचं आवडतं मुक्कामाचं ठिकाण आहे.

आता नोकऱ्यांचा हिशेब. पहिल्या डिव्हिजनमध्ये मुख्य प्रशिक्षकाच्या दोनशे आणि काही खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीमागे दोन-तीन सहाय्यक. एवढ्या मोठ्या देशात एवढ्याच. भूगोलही विचित्र आहे. टेक्सास आणि फ्लोरिडा या राज्यांच्या मुख्य विद्यापीठांना पुरुषांचा अधिकृत सॉकर संघच नाही. अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना स्टेट यांनाही नाही. एसईसी या दक्षिणेकडच्या विद्यापीठांच्या बलाढ्य गटात फक्त केंटकी आणि साउथ कॅरोलिना यांनी तो ठेवला आहे, आणि तोही खेळायला दुसऱ्या गटात पाठवावा लागतो. म्हणजे ज्या विद्यापीठांच्या तिजोऱ्या सर्वांत भरलेल्या, त्यांतल्या कित्येकांच्या दारात आपल्या कोचला शिरताच येत नाही. याचं कारण पुढे महिलांच्या संघांविषयीच्या प्रश्नात येईल.

पूर्वी ही नोकरी कोण करत असे?

पोस्टमन, हिशेबनीस, रसायनशास्त्राचा विद्यार्थी. अतिशयोक्ती करत नाही.

पहिल्या डिव्हिजनची आजची स्पर्धा १९५९ साली सुरू झाली आणि पहिल्या पंधरा वर्षांतली दहा विजेतेपदं एकट्या सेंट लुइस विद्यापीठाने नेली, त्यातलं एक वाटून घेतलेलं. त्या शहरात कॅथलिक चर्चच्या युवक मंडळाच्या लीग होत्या, प्रत्येक वस्तीच्या चर्चचा एक संघ. कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ असतात, पाटाकडील काय, खंडोबा काय, तसाच प्रकार. त्या लीगचं काम पाहणारे बॉब ग्युल्कर विद्यापीठाचे कोच झाले. खेळाडू शोधायला त्यांना विमानात बसावं लागलं नाही, सगळी पोरं हाकेच्या अंतरावर. त्यांनी पाच विजेतेपदं मिळवली. त्यांच्यानंतरची पाच हॅरी किओ यांची. हे किओ म्हणजे १९५० च्या विश्वचषकात बेलो होरिझोंतेला इंग्लंडला १–० हरवणाऱ्या अमेरिकी संघातला बचावपटू. विश्वचषकात इंग्लंडला हरवून आलेला हा माणूस पोटासाठी टपाल खात्यात नोकरी करत होता आणि उरलेल्या वेळात देशातला सर्वोत्तम कॉलेज संघ घडवत होता.

क्लेमसन विद्यापीठाचा संघ १९६७ मध्ये उभा केला तो आय. एम. इब्राहिम यांनी. हैफामध्ये जन्मलेला पॅलेस्टिनी तरुण, अमेरिकेत आला रसायनशास्त्रासाठी, आणि १९८४ व १९८७ ची विजेतेपदं मिळवून गेला. यूसीएलए या लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठाचे सिगी श्मिड सुरुवातीच्या काळात अकाउंटंटचं काम सांभाळून कोचिंग करत.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती जेरी येग्ली यांची गोष्ट. १९६३ मध्ये ते इंडियाना विद्यापीठात आले तेव्हा तिथे सॉकरचा नुसता क्लब होता. विद्यापीठाचा अधिकृत दर्जा नाही आणि दर्जा नाही म्हणून पैसेही नाहीत. दर्जा मिळाला १९७३ मध्ये. दहा वर्षं या माणसाने लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या. पुढे सहा विजेतेपदं आली, शेवटचं २००३ मध्ये, आणि त्याच हंगामानंतर ते निवृत्त झाले. एकूण ५४४ विजय. आज कोणी मुलाखतीत 'पाच वर्षांत निकाल दाखवतो' असं म्हटलं की मला ही दहा वर्षं आठवतात. आजचा कोणताही क्रीडा संचालक एवढी कळ काढणार नाही.

आज सुरुवात कुठून होते?

बहुतेक जण स्वतः कॉलेजात खेळलेले असतात. खेळणं संपलं की ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाची फी माफ, वर थोडं विद्यावेतन आणि त्या बदल्यात संघाची पडेल ती कामं. शंकू लावणं, व्हिडिओ कापणं, गोलकीपरना सराव देणं, बसची वेळ पाहणं. बॉब ब्रॅडली पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले, पण सुरुवात ओहायो विद्यापीठात झाली. तिथे क्रीडा प्रशासनाची पदव्युत्तर पदवी घेता घेता, बावीस-तेवीसाव्या वर्षी संघच त्यांच्या हाती आला. आता इतक्या लवकर कोणी संघ देत नाही.

पूर्वी आणखी एक पायरी होती, 'व्हॉलंटियर कोच'. काम सहाय्यकाचं, पगार शून्य. पोट भरायला सकाळी कॉफीच्या दुकानात किंवा संध्याकाळी लहान मुलांच्या क्लबात काम करायचं. हा प्रकार एनसीएएने जुलै २०२३ पासून बंद केला. चांगलंच झालं. बिनपगारी दोन वर्षं काढणं ज्याच्या घरच्यांना परवडत होतं तोच पुढे सरकत होता.

त्यानंतर सहाय्यक म्हणून पाच, आठ, कधी बारा वर्षं. मग मुख्य प्रशिक्षक.

लायसन्स लागतं का? पदवी कोणती?

एनसीएए लायसन्स मागत नाही. विद्यापीठ मात्र जाहिरातीत पदवी मागतंच, पदव्युत्तर असेल तर बरं म्हणतं. अमेरिकी सॉकर महासंघाची ग्रासरूट्सपासून डी, सी, बी, ए आणि प्रो अशी शिडी आहे. 'युनायटेड सॉकर कोचेस' ही १९४१ पासूनची संघटना स्वतःचे डिप्लोमा देते. तिचं दर जानेवारीतलं अधिवेशन म्हणजे या धंद्याचा आठवडी बाजार. व्याख्यानं सभागृहात होतात आणि नोकऱ्या हॉटेलच्या लॉबीत ठरतात.

लहान कॉलेजातून मोठ्या ठिकाणी जाता येतं का?

येतं, आणि मला विचाराल तर हीच वाट जास्त भरवशाची आहे. मोठ्या ठिकाणी दहा वर्षं सहाय्यक राहिलेल्या माणसाने स्वतः संघ चालवून पाहिलेला नसतो. लहान ठिकाणी सगळं स्वतःच करावं लागतं आणि स्वतःच निस्तरावं लागतं.

जेरेमी गन यांचं उदाहरण घ्या. हा इंग्रज माणूस कोलोरॅडोतल्या फोर्ट लुइस कॉलेजात होता. तिथे २००५ मध्ये दुसऱ्या डिव्हिजनचं विजेतेपद मिळवलं. मग शार्लट विद्यापीठ. २०११ मध्ये शार्लट थेट पहिल्या डिव्हिजनच्या अंतिम सामन्यात पोहोचलं आणि नॉर्थ कॅरोलिनाकडून १–० ने हरलं. पुढच्याच वर्षी गन स्टॅनफर्डला, आणि तिथे २०१५, २०१६, २०१७ अशी सलग तीन विजेतेपदं. त्या २०११ च्या सामन्यात पलीकडच्या बाकावर होते कार्लोस सोमोआनो. ते तिथेच सहाय्यक होते आणि मुख्य प्रशिक्षक म्हणून तो त्यांचा पहिलाच हंगाम. त्यांच्या आधीचे एल्मार बोलोविच याच संघाला २००१ चं विजेतेपद मिळवून देऊन, बावीस हंगामांनंतर क्रेटनला निघून गेले होते. एका सामन्यात दोन वाटा समोरासमोर होत्या: एक खालून चढत आलेला, दुसरा घरातच वाढलेला.

ख्रिस ग्रासी यांनीही युनिव्हर्सिटी ऑफ चार्ल्सटन या दुसऱ्या डिव्हिजनच्या संघाकडून २०१७ मध्ये मार्शल गाठलं. कोविडमुळे २०२० चा हंगाम पुढे ढकलला गेला आणि अंतिम सामना मे २०२१ मध्ये झाला. त्यात मार्शलने जादा वेळेत इंडियानाला १–० हरवलं. वेस्ट व्हर्जिनियातल्या या विद्यापीठाचं नाव त्याआधी सॉकरच्या गप्पांत कोणी घेत नव्हतं.

ओळखीपाळखीवर चालतं म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, पण 'वशिला' हा शब्द इथे बसत नाही. गायकीतल्या घराण्यासारखं ते आहे. कोणाकडे शिकलात यावरून तुमचा संघ कसा खेळेल याचा अंदाज बांधला जातो, आणि नोकरी देणारा क्रीडा संचालक सॉकर फारसा जाणत नसला की त्याला तेवढाच आधार असतो.

ब्रूस अरेना यांचं घराणं व्हर्जिनियाचं. १९७८ मध्ये ते तिथे आले तेव्हा सॉकरसोबत लॅक्रॉसच्या (जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ) संघाचं सहाय्यकपदही त्यांच्या गळ्यात होतं. १९८९ ते १९९४ या सहा हंगामांत पाच विजेतेपदं, त्यातलं पहिलं सांता क्लारासोबत वाटून घेतलेलं. बॉब ब्रॅडली त्यांच्याकडे सहाय्यक होते. ब्रॅडली पुढे प्रिन्स्टनला गेले आणि तिथे त्यांच्याकडे खेळलेला जेसी मार्श नंतर इंग्लंडमध्ये लीड्सचा आणि त्यानंतर कॅनडाच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. व्हर्जिनियात अरेनांची जागा घेतली त्यांच्याच हाताखाली खेळलेल्या जॉर्ज गेल्नोव्हॅच यांनी, १९९६ मध्ये, आणि २००९ व २०१४ ची विजेतेपदं मिळवली.

दुसरं घराणं बॉबी क्लार्क यांचं. स्कॉटलंडच्या ॲबर्डीनचा हा गोलकीपर झिम्बाब्वे, डार्टमथ, न्यूझीलंडचा राष्ट्रीय संघ, स्टॅनफर्ड असं फिरत २००१ मध्ये नोत्र दामला पोहोचला आणि २०१३ मध्ये विजेता झाला. मुलगा जेमी वॉशिंग्टनचा प्रशिक्षक. चाड रायली नोत्र दामला त्यांचा सहाय्यक, मग डार्टमथचा प्रमुख, मग त्यांच्याच जागी नोत्र दामला परत. ब्रायन वीज त्यांचा सहाय्यक, पुढे जॉर्जटाउनचा प्रमुख. २०१९ चा अंतिम सामना जॉर्जटाउन आणि व्हर्जिनिया यांच्यात झाला. ३–३ अशी बरोबरी, मग पेनल्टीवर जॉर्जटाउन. दोन घराण्यांची जुगलबंदीच म्हणायची ती.

येग्लींच्या घरात मात्र थोडी महाभारती वळणं आहेत. २००३ नंतर गादी मिळाली त्यांचे सहाय्यक माइक फ्रायटॅग यांना. पहिल्याच वर्षी, २००४ मध्ये, विजेतेपद. तरीही २००९ च्या हंगामानंतर त्यांचा करार वाढवला गेला नाही आणि जेरींचा मुलगा टॉड आला. टॉड तेव्हा विस्कॉन्सिनला एक हंगाम काढून मोकळा होता. त्याने २०१२ मध्ये विजेतेपद मिळवलं, त्यानंतर २०१७, २०२० आणि २०२२ असे तीन अंतिम सामने हरला. एकात जादा वेळेच्या दुसऱ्या सत्रातला गोल, एकात जादा वेळेतला, एकात पेनल्टी. बाप सहा वेळा जिंकलेला असताना लेकाने तीनदा दारापर्यंत जाऊन परतायचं, यातलं दडपण मला कल्पनेतही नको वाटतं.

कोच दिवसभर करतो तरी काय? सराव दोन तासांचाच ना?

सराव कमीच. हंगामात आठवड्याला जास्तीत जास्त २० तास आणि एक दिवस पूर्ण सुट्टी, असा एनसीएएचा नियम. हंगामाबाहेर तर आणखी कमी, आठ तास. कोचचा खरा वेळ खातं ते दुसरं काम: खेळाडू शोधणं आणि त्यांना आपल्याकडे येण्यासाठी राजी करणं.

अकरावीच्या आधीच्या उन्हाळ्यात, १५ जूनपासून, मुलांशी थेट संपर्क साधायला परवानगी असते. त्या रात्री बारा वाजून एक मिनिटाने देशभरातले सहाय्यक प्रशिक्षक मेसेज पाठवायला बसतात. त्याआधी दोन वर्षं ती मुलं पाहून ठेवलेली असतात, क्लबांच्या मोठ्या स्पर्धांत, एकामागून एक अठरा मैदानांवर, घडीच्या खुर्चीत बसून. मुलगा निवडला तरी संपलं नाही. त्याचे मार्क प्रवेशाला पुरतात का? आईवडिलांना फीची किती झळ बसेल? ९.९ शिष्यवृत्त्या तीसेक मुलांत वाटायच्या, हे गणित अगदी परवापर्यंत पहिल्या डिव्हिजनच्या बहुतेक कोचच्या पाचवीला पुजलेलं होतं. कोणाला चाळीस टक्के, कोणाला पुस्तकांपुरते पैसे, कोणाला नुसतं जर्सीचं आश्वासन. हे जमवणारा माणूस मैदानावरच्या डावपेचांत थोडा कमी असला तरी टिकतो. उलटं सहसा होत नाही.

शिवाय मुलं वर्गात बसतात का, नापास होतात का, यावर संघाला गुण मिळतात. हजारपैकी ९३० च्या खाली गेलं की राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडायची पाळी येते. मग माजी विद्यार्थ्यांकडून देणग्या, उन्हाळी शिबिरं, बस, हॉटेल, जेवण. आणि रात्री दीडला वसतिगृहातून येणारा फोन.

पगार किती?

एका आकड्यात उत्तर नाही. निक सेबन यांच्यासारखा फुटबॉलचा, म्हणजे हेल्मेटवाल्या फुटबॉलचा, कोच वर्षाला १ कोटी डॉलरच्या वर कमावत होता. सॉकरवाल्याने ते स्वप्न पाहू नये. पहिल्या डिव्हिजनमधल्या नावाजलेल्या संघांचे प्रमुख व्यवस्थित उच्चमध्यमवर्गीय आयुष्य जगतात. सहाय्यकांची मात्र महागड्या शहरात घरभाडं देताना दमछाक होते. सरकारी विद्यापीठांचे पगार बहुतेक राज्यांत सार्वजनिक नोंद असतात. अर्ज करण्याआधी तुम्ही स्वतःच पाहू शकता, आणि पाहावेत.

वरकमाईचं साधन म्हणजे उन्हाळी शिबिर. आमच्याकडे खेळायचंय? मग या तीन दिवसांच्या शिबिराला, फी भरून. त्यातून काही मुलं खरंच निवडली जातात, बाकीच्यांचे आईवडील कोचच्या घराचा हप्ता भरतात. कडवट वाटेल, पण मुलाला असं बोलावणं आलं तर 'तुम्ही त्याला आधी खेळताना पाहिलं आहे का?' एवढं विचाराच.

तिसऱ्या डिव्हिजनमध्ये कोचला दुसरी टोपीही घालावी लागते: प्रवेश विभागात काम, एखादा विषय शिकवणं, वसंतात दुसऱ्या खेळाचा संघ. तरी तिथले लोक जास्त काळ टिकतात, असं माझं निरीक्षण आहे.

एकाच ठिकाणी आयुष्य काढणारे कोणी आहेत?

ओहायो वेस्लियन या छोट्या कॉलेजात जे मार्टिन १९७७ मध्ये आले आणि चार दशकांहून जास्त काळ राहिले. पुरुषांच्या कॉलेज सॉकरमध्ये ७०० विजयांचा टप्पा ओलांडणारे ते पहिले. १९९८ आणि २०११ ची तिसऱ्या डिव्हिजनची विजेतेपदंही आहेत. त्याच कॉलेजात ते क्रीडा संचालकही होते. स्वतःचे साहेब स्वतःच.

दुसऱ्या टोकाला बॉब वॉर्मिंग. शार्लट, क्रेटन, सेंट लुइस, पुन्हा क्रेटन, पेन स्टेट आणि मग ओमाहा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. दोघांचंही करिअर यशस्वी. फरक विचारायचाच असेल तर तो त्यांच्या बायकामुलांना विचारावा लागेल.

नोकरी किती पक्की असते?

कराराइतकीच. साधारण तीन ते पाच वर्षांचा करार असतो आणि नवा क्रीडा संचालक आला की जुन्याने दिलेली आश्वासनं हवेत विरतात. पण हरण्यापेक्षा भीतीदायक एक गोष्ट आहे: संघच बंद होणं. रिचमंड विद्यापीठाने २०१२ मध्ये लॅक्रॉससाठी पुरुषांचा सॉकर संघ बंद केला. कोविडच्या पहिल्याच लाटेत, एप्रिल २०२० मध्ये सिनसिनाटीने आणि मे महिन्यात ॲपलाचियन स्टेटने तेच केलं. यात कोचचा दोष काय? काही नाही.

आणि कधी कोच स्वतःच खड्डा खणतो. २०१९ च्या प्रवेश घोटाळ्यात यूसीएलएचे मुख्य प्रशिक्षक होर्हे साल्सेडो सापडले. सॉकर न खेळणाऱ्या श्रीमंतांच्या मुलांना खेळाडू म्हणून दाखवायचं आणि त्या कोट्यातून प्रवेश मिळवून द्यायचा, बदल्यात २ लाख डॉलर. गुन्हा कबूल केला, २०२१ मध्ये आठ महिन्यांची शिक्षा झाली. कोचच्या यादीत नाव असलं की प्रवेशाचं दार किती सहज उघडतं, हे त्या खटल्यामुळे सगळ्यांना कळलं.

कॉलेजातून व्यावसायिक संघाकडे जाता येतं का?

एके काळी तीच मुख्य वाट होती. जुनी एनएएसएल ही लीग १९८४ च्या हंगामानंतर कोसळली. १९९६ मध्ये मेजर लीग सॉकर सुरू होईपर्यंत देशात चांगले प्रशिक्षक टिकून राहिले ते मुख्यतः कॉलेजांत. म्हणून नव्या लीगने तिथेच हात घातला. अरेना डी. सी. युनायटेडला गेले आणि पहिली दोन्ही वर्षं जिंकले. मग राष्ट्रीय संघ, २००२ च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरी. ब्रॅडली आधी त्यांचे सहाय्यक झाले, मग १९९८ मध्ये शिकागो फायरला घेऊन स्वतः जिंकले, पुढे राष्ट्रीय संघ, इजिप्त, आणि २०१६ मध्ये स्वान्झी. प्रीमियर लीगमध्ये संघ सांभाळणारा तो पहिला अमेरिकी. यूसीएलएला तीन विजेतेपदं देणारे श्मिड १९९९ मध्ये लॉस एंजेलिस गॅलक्सीला गेले.

आता ते दार बरंच लोटलेलं आहे. क्लबांच्या स्वतःच्या अकादम्या आणि राखीव संघ झाले, कोच तिथूनच वर येतात किंवा युरोपातून येतात. कॅलेब पोर्टर यांनी ॲक्रनला २०१० चं विजेतेपद मिळवून दिलं, २०१३ मध्ये पोर्टलंडला गेले आणि २०१५ मध्ये लीग जिंकली. इतकी सरळ उडी त्यानंतर क्वचितच दिसली. जे विडोविच वेक फॉरेस्टला दोन दशकं होते, २००७ चे विजेते. पोर्टलंडच्या दुसऱ्या संघाकडे एक वर्ष काढलं आणि परत कॉलेजात, पिट्सबर्गला. त्या संघाला त्यांनी २०२० आणि २०२२ च्या हंगामांत उपांत्य फेरीत नेलं. परत येणं म्हणजे हरणं नव्हे. काहींना मुलं घडवायलाच आवडतं.

महिलांच्या संघांकडे जास्त संधी आहेत का?

आहेत. पहिल्या डिव्हिजनमध्ये महिलांचे संघ साडेतीनशेच्या आसपास. शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदाला बंदी करणारा 'टायटल नाइन' कायदा १९७२ चा. हेल्मेटवाल्या फुटबॉलचा संघ एकट्याने शंभराच्या वर पुरुष खातो, मग समतोलासाठी महिलांचा सॉकर ठेवायचा आणि पुरुषांचा टाळायचा, हा साधा हिशेब. लोक कायद्याला दोष देतात. मी फुटबॉलच्या भुकेला देतो.

आणि इथे आपला एक धागा सापडतो. कॉलेज सॉकरमधलं सर्वांत मोठं नाव, ॲन्सन डोरन्स, १९५१ मध्ये जन्मलं मुंबईत. वडील तेल कंपनीत, त्यामुळे बालपण देशोदेशी. कायद्याचा अभ्यास चालू असताना नॉर्थ कॅरोलिनाच्या पुरुष संघाची जबाबदारी मिळाली. १९७९ पासून १९८८ पर्यंत ते पुरुष आणि महिला, दोन्ही संघ एकाच वेळी सांभाळत. मग फक्त महिला. एनसीएएची २१ विजेतेपदं आणि मध्येच, १९९१ मध्ये, अमेरिकेसाठी पहिला महिला विश्वचषक. ऑगस्ट २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर असताना ते निवृत्त झाले. हंगामी म्हणून नेमलेले सहाय्यक डेमन नाहास त्याच डिसेंबरात विजेते ठरले.

परदेशी माणसाला, विशेषतः महाराष्ट्रातून जाणाऱ्याला, हे जमेल?

परदेशी असणं अडचण नाही. इब्राहिम, क्लार्क, गन, ग्रासी यांची नावं वर आलीच. मेरीलँडला १९९३ पासून असलेले साशो सिरोव्स्की मॅसेडोनियात जन्मले, कॅनडात वाढले, तीन वेळा विजेते झाले. त्रिनिदादचा गोलकीपर लिंकन फिलिप्स वॉशिंग्टनमधल्या हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठात कोच झाला. १९७१ चं विजेतेपद खेळाडूंच्या पात्रतेच्या वादातून एनसीएएने काढून घेतलं. १९७४ मध्ये त्यांनी एकही सामना न हरता ते पुन्हा जिंकलं, अंतिम सामन्यात सेंट लुइसला हरवून. ही गोष्ट कोणी नीट मराठीत लिहायला हवी.

अडचण आहे व्हिसाची. विद्यापीठांना एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक कोट्याची मर्यादा लागत नाही, हे फायद्याचं. पण सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने देशाबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलरचं शुल्क आलं. सहाय्यक कोचसाठी एवढे पैसे कोण भरणार? म्हणून व्यवहार्य वाट एकच: आधी तिथे विद्यार्थी म्हणून जाणं, शक्यतो ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून, आणि पदवीनंतर मिळणाऱ्या बारा महिन्यांच्या कामाच्या परवान्यात स्वतःला सिद्ध करणं. एआयएफएफचं, म्हणजे आपल्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं, लायसन्स असेल तर अर्जात जरूर लिहा, पण त्यावर नोकरी मिळेल अशी आशा धरू नका. मुंबईत किंवा कोल्हापुरात तुम्ही अठरा वर्षांखालच्या मुलांचा संघ तीन वर्षं चालवला असेल, तर ते जास्त ठळक लिहा. आणि सामन्यांचे व्हिडिओ जपून ठेवा.

२०२५ नंतर काय बदललं?

जून २०२५ मध्ये कॉलेज खेळाडूंना पैसे देण्याविषयीच्या 'हाउस' खटल्याची तडजोड न्यायालयाने मंजूर केली. जी विद्यापीठं त्यात सामील झाली त्यांच्यासाठी ९.९ शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि त्याऐवजी संघात जास्तीत जास्त २८ खेळाडू अशी मर्यादा आली. विद्यापीठ आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी एकूण २.०५ कोटी डॉलरपर्यंत. त्यातला मोठा घास फुटबॉल आणि बास्केटबॉलचा. सॉकरच्या कोचला शिष्यवृत्त्या वाढवायची परवानगी मिळाली, पैसे मिळालेच असं नाही. जिथे पूर्वी पस्तीस मुलांचा गोतावळा होता तिथे सात जणांना घरी पाठवण्याचं कामही त्याच्याच वाट्याला आलं.

दुसरीकडे सिरोव्स्की यांनी वर्षानुवर्षं लावून धरलेली मागणी आहे: तीन-साडेतीन महिन्यांत कोंबलेला हंगाम दोन्ही सत्रांत पसरवावा. आठवड्यात दोन-दोन सामने खेळून पोरांचे स्नायू फाटतात, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

मुलाला एका कोचवर विश्वास ठेवून पाठवतोय. तोच निघून गेला तर?

जाऊ शकतो. डिसेंबर २०२४ मध्ये व्हरमाँटने मार्शलला जादा वेळेत २–१ हरवून इतिहासातलं पहिलं विजेतेपद मिळवलं, आणि काही आठवड्यांतच त्यांचे कोच रॉब डाऊ पेन स्टेटला गेले. असं झालं की खेळाडूंना संघ बदलण्यासाठी वेगळी मुदत मिळते, पण वर्ग, मित्र, खोली हे सगळं तिथेच असतं.

म्हणून भेटीला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. करार कोणत्या वर्षापर्यंत आहे? गेल्या तीन वर्षांत किती मुलं संघ सोडून गेली? आणि शिष्यवृत्तीचं आश्वासन लेखी मिळेल का, किती वर्षांचं? पहिल्या प्रश्नावर कोच हसेल, दुसऱ्यावर थोडा थांबेल. तिसऱ्याचं उत्तर कागदावर येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका.